पावसाळाभर उभी राहिलेली जुनी गाडी चालू होत नाही? करंटचा माग असा काढा

पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुनी पेट्रोल जीप पावसाळाभर पडवीत उभी राहिली, की गणपतीच्या तोंडावर ती चालू होत नाही, ही कोकणातली दरवर्षीची तक्रार. सेल्फ फिरतो, इंजिन घुमतं, पण पकडत नाही. मग खरेदी सुरू होते. आधी नवे प्लग, मग कॉइल, मग कंडेन्सर. पैसे जातात आणि गाडी जागची हलत नाही.

अशा वेळी गाडीत बहुतेकदा काहीच मोडलेलं नसतं. खाऱ्या, दमट हवेने करंटची नेहमीची वाट बुजलेली असते, नाहीतर त्याला भलतीकडे पळायला नवी वाट मिळालेली असते. आपलं काम ती जागा शोधायची. बॅटरीपासून प्लगपर्यंत क्रमाने जायचं, एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि नवा भाग सगळ्यात शेवटी आणायचा.

पुढचं सगळं पॉइंटवाल्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क असलेल्या, गाड्यांसाठी आहे: कुर्ल्याला बनलेली फियाट ११०० आणि पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसेडर, महिंद्राची पेट्रोल जीप, मॉरिस मायनर, स्टँडर्ड हेराल्ड. नावं वेगळी असली तरी इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, रचना एकच आहे, आणि ती एकदा डोक्यात बसली की अर्धं काम झालं.

करंट कुठून कुठे जातो

बॅटरीचे १२ व्होल्ट चावीच्या स्विचमधून कॉइलला येतात, कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरमधल्या, म्हणजे मेस्त्रींच्या डेल्कोतल्या, पॉइंटला जातात आणि तिथून बॉडीला अर्थ होतात. पॉइंट मिटलेले असेपर्यंत कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. डेल्कोतल्या कॅमने पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो (ठिणगी पॉइंटमध्येच पडू नये म्हणून त्यांना कंडेन्सर जोडलेला असतो), चुंबकत्व एकदम ओसरतं आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत १५-२० हजार व्होल्ट तयार होतात. हा मोठा करंट कॉइलच्या मधल्या जाड वायरने डेल्कोच्या कॅपवर येतो आणि आतला रोटर ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगला तो देतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर हे सगळं सेकंदाला १०० वेळा घडतं.

म्हणजे दोन बाजू झाल्या: १२ व्होल्टची आणि हजारो व्होल्टची. कोकणात दोन्ही बाजू बिघडतात, पण उलट्या कारणांनी. १२ व्होल्टला अडवायला पॉइंटवरचा डोळ्यालाही न दिसणारा गंजाचा थर पुरतो. वीस हजार व्होल्टला पळवून न्यायला कॅपवरचा ओलसर मिठाचा थर पुरतो. त्यामुळे एका बाजूला आपण करंट का जात नाही ते शोधतो आणि दुसऱ्या बाजूला तो कुठे पळतोय ते.

हाताशी काय हवं

टेस्ट लॅम्प सगळ्यात महत्त्वाचा. १२ व्होल्टचा पाच वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी, टोकांना चिमटे. घरी पंधरा मिनिटांत होतो. मल्टिमीटर असेल तर उत्तमच. शिवाय प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, रबरी मुठीची पक्कड, सुती फडकं, टॉर्च आणि एक चांगला जादा प्लग. सेल्फ मारायला एक माणूसही लागतो.

सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर हवी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पायात रबरी चप्पल असू द्या. ओल्या चिऱ्यावर अनवाणी उभं राहून प्लगच्या वायरीला हात लावू नका. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम करू नये. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर गळती सापडेपर्यंत ठिणगीची कुठलीही तपासणी करायची नाही, मग कितीही घाई असो.

पहिली गोष्ट: सेल्फचा आवाज

चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं, किंवा सेल्फ कण्हत फिरला, तर इग्निशनकडे जाऊच नका. आधी बॅटरी. चार्ज झालेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती निम्मी उतरलेली असते. सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या फार खाली गेलं, तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण कॉइलला पुरेसं काही उरणार नाही. चावी सोडताक्षणी इंजिन एकदा पकडल्यासारखं करत असेल तर ही त्याचीच खूण.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट करा आणि वरून व्हॅसलिन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. इथपर्यंत सगळेच करतात. राहून जाते ती इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी. खाली, चिखल-पाण्याच्या तोंडाशी असल्याने आपल्याकडे ती आतून सडते. वरून अखंड दिसते आणि नखाने खरवडली की हिरवी भुकटी निघते. अर्थ नीट मिळाला नाही की सेल्फचा करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. पट्टी काढा, दोन्ही टोकांखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, पुन्हा कसा.

दुसऱ्या बॅटरीने जंपर लावणार असाल तर आधी कुठलं टोक बॉडीला गेलंय ते बघा. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असायचा. सवयीने मायनस बॉडीला लावलात तर वायरिंग जळेल.

दुसरी: प्लगला ठिणगी येते का

सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पकडत नाहीये, असं असेल तर इथून सुरुवात करा. एका प्लगची वायर काढून तिला जादा प्लग लावा. तो प्लग इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा, रंगावर नाही. हाताने धरू नका; पक्कडीने धरा किंवा वायरीने बांधून ठेवा. आता जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा. उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून बॉनेटची सावली करा.

निळी, चटचट वाजणारी ठिणगी आली की इग्निशन बहुतांशी ठीक आहे. मग बसवलेला एक प्लग काढून बघा. पेट्रोलने ओला असेल तर चोक जास्त झालाय: चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरा आणि सेल्फ मारा. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीये, आणि तो शोध टाकी, पंप, कार्बोरेटरकडे न्यायचा. महिनोन्महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर भरवसा ठेवू नका. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

ठिणगी पिवळट, मरगळलेली असेल किंवा अजिबात नसेल तर पुढची तपासणी. हिने प्रश्नाचे सरळ दोन तुकडे होतात. कॉइलहून येणारी मधली जाड वायर डेल्कोच्या कॅपमधून उपटा, तिचं टोक रबरी मुठीच्या पक्कडीने इंजिनच्या धातूपासून सहा मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. इथे सणसणीत ठिणगी आली, पण प्लगला येत नव्हती, म्हणजे गडबड कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. इथेही नाही, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा त्यांच्या वायरींत.

तिसरी: कॅप, रोटर आणि वायरी

किनाऱ्यालगतच्या गावांत माझा पहिला संशय कायम कॅपवर असतो. मालवणातल्या आमच्या शेजारच्या काकांची अँबेसेडर दुपारी एका हाकेत चालू व्हायची आणि सकाळी काही केल्या नाही. "कॉइल बदललंय, प्लग बदललंय, तरी सकाळची चालूच होणा नाय," असं ते सांगत होते. कॅप त्यांनी रोज फडक्याने पुसलेली, दिसायला स्वच्छ. तिला टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरलं तेव्हा मधल्या नळीभोवती दुधाळ, किंचित खरखरीत साय दिसली. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट.

कारण असं आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठात इतर क्षार असल्याने ते त्याआधीच दमट होऊ लागतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर सकाळची आर्द्रता याच्या वर असतेच. ओलं मीठ करंट वाहून नेतं. दुपारी उन्हाने थर सुकतो आणि गाडी शहाण्यासारखी चालू होते. कोरड्या फडक्याने पुसून मीठ जात नाही, फक्त पसरतं. ते पाण्यातच विरघळतं.

म्हणून कॅप धुवायची. आधी प्रत्येक वायरीवर रंगाने किंवा दोऱ्याच्या गाठींनी १, २, ३, ४ अशा खुणा करा आणि कॅपवरही तशाच. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वर सांगितलेल्या सगळ्या गाड्यांचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, पण डेल्को कुठल्या दिशेने फिरतो ते गाडीगणिक बदलतं, त्यामुळे अंदाजाने वायरी लावायला जाऊ नका. कॅप आणि रोटर गोड्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने आतून-बाहेरून धुवा, साध्या पाण्याने खळबळा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पिण्याचं वापरा. प्लगच्या वायरीही ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. त्यांच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणं उलटून आतही बघा. काकांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चालू झाली.

धुऊन झाल्यावर कॅप नीट निरखा. आतल्या बाजूला दोन पितळी टोकांच्या मध्ये, किंवा टोकापासून कडेपर्यंत, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तिथे करंटने प्लास्टिक जाळून कायमची वाट पाडली आहे. ती घासून जात नाही. कॅप बदलावीच लागते. मधोमध छोटी कार्बनची कांडी असते, ती स्प्रिंगवर आत-बाहेर हलली पाहिजे. अडकून बसली असेल तर हलक्या हाताने मोकळी करा. पितळी टोकांवरचा पांढरा-हिरवा थर स्क्रूड्रायव्हरच्या पात्याने अलगद खरवडा.

रोटरचं दुखणं दिसत नाही, म्हणून त्याची वेगळी परीक्षा. कॅप काढलेली, रोटर जागेवर. कॉइलच्या मधल्या वायरचं टोक रोटरच्या वरच्या पितळी पट्टीपासून चार-पाच मिलिमीटरवर पक्कडीने धरा आणि सेल्फ मारायला सांगा. रोटर चांगला असेल तर ठिणगीला पुढे जायला वाटच नाही, त्यामुळे ती सटासट पडणार नाही. पडत राहिली तर रोटर आतून फुटला आहे आणि करंट खालच्या दांड्यातून अर्थ होतोय. नवीन रोटर आणलात तरी त्याचीही हीच परीक्षा घ्या, कारण बाजारातला प्रत्येक नवा रोटर धड असतोच असं नाही.

वायरींतून करंट झिरपतो का हे रात्री कळतं. दिवे मालवा, बॉनेट उघडा, सेल्फ मारायला सांगा. झिरपत असेल तिथे निळसर चमक सळसळताना दिसते. उंदराने कुरतडलेली वायरही अशीच सापडते.

चौथी: १२ व्होल्टची बाजू

कॉइलच्या मधल्या वायरलाच ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्प काढा. एक चिमटा बॉडीच्या स्वच्छ धातूला लावा. चावी ऑन करा आणि दुसरं टोक कॉइलच्या त्या टर्मिनलला टेकवा जिथे चावीकडून वायर येते. दिवा लागला नाही, तर कॉइलपर्यंतच करंट पोचत नाही: स्विच, जोड किंवा वायर. अनेक जुन्या गाड्यांत इग्निशनला फ्यूज नसतोच, तेव्हा फ्यूजच्या डब्यात वेळ घालवू नका. लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे जोड, ओढून बघा, गंजलेले घासा.

तिथे दिवा लागला तर टोक कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला, म्हणजे डेल्कोकडे जाणाऱ्या वायरीवर लावा आणि सेल्फ मारायला सांगा. दिवा उघडझाप करायला हवा.

सतत लागलेलाच राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही करंट सोडत नाहीत. चार महिने उभ्या गाडीत हेच होतं. कॅप काढा, पॉइंट उघडा, त्यांच्यामध्ये घडी घातलेला बारीक पॉलिश पेपर दोन-तीनदा ओढा, मग कोरा कागद ओढून भुकटी काढा. एमरीचा कापडी पेपर वापरू नका, त्याचे खडे पॉइंटमध्ये रुततात. टॉर्चने आत बघाच. पॉइंटमध्ये चिरडलेली मुंगी किंवा कोळ्याचं जाळंसुद्धा एवढ्या कामाला पुरतं.

दिवा कधीच लागला नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा त्यांची वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. पॉइंट नुकतेच कोणी बदलले असतील तर प्लास्टिकच्या बारीक वॉशरांचा क्रम तपासा. वायरीचा लग आणि स्प्रिंग दोन्ही खिळ्यापासून वेगळे राहायला हवेत. हा वॉशर उलटसुलट बसला की सगळे भाग नवे असूनही गाडी मुकी. डेल्कोची वायर कॉइलवरून सोडवून पुन्हा दिवा लावून बघा: आता लागला तर दोष डेल्कोत आहे, तरीही नाही लागला तर कॉइलचा आतला वेढा तुटलाय.

पॉइंटचं अंतर शेवटी. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून, हळूहळू ढकलत पॉइंटची टाच, म्हणजे कॅमला घासणारा भाग, कॅमच्या उंचवट्यावर आणा. यावेळी चावी बंद हवी आणि जमीन सपाट. मॅन्युअलमधला आकडा अंतिम, पण या गाड्यांत तो साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. फीलर गेज किंचित अडकत सरकला पाहिजे. स्क्रू घट्ट करून पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना अंतर हलतं. कॅमला ग्रीसचं बोट लावा, नुसतं लावल्यासारखं. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसेल. डेल्कोच्या आत हलत्या प्लेटला अर्थ देणारी एक विणलेली बारीक वायर असते, ती तुटली नाही ना हेही इथेच बघून घ्या.

कंडेन्सर साध्या मीटरने नीट कळत नाही. सेल्फ मारताना पॉइंटमध्येच मोठा प्रकाश पडत असेल आणि प्लगला ठिणगी पिवळी असेल तर संशय त्याच्यावर. चांगला माहीत असलेला दुसरा तात्पुरता बाहेरून लावून बघा: त्याची वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, बॉडी इंजिनला, आणि जुन्याची वायर सोडवलेली. पटकन उत्तर मिळतं.

कॉइल मी सगळ्यात शेवटी धरतो, कारण सगळे ती सगळ्यात आधी बदलतात. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा दोन छोट्या टर्मिनलांमधला रेझिस्टन्स साधारण ३ ओम असतो. बॅलास्टवाल्या, म्हणजे बाहेर वेगळा रेझिस्टन्स जोडलेल्या, कॉइलचा दीड. खरोखर बिघडलेली कॉइल बहुधा गरम झाल्यावर रुसते: गाडी अर्धा तास नीट चालते, बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालते. रेडिओ ऐकायला चावी ऑन ठेवून बसायची सवय असेल तर मोडा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल बसल्या जागी तापते.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी नाही

इंजिन कार्बोरेटरमधून फटकन उलटं शिंकत असेल तर दोन प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्यात किंवा डेल्को जागचा फिरलाय. वायरी खुणांशी ताडून बघा. डेल्को पूर्ण बाहेर काढला गेला असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, नव्याने बांधावं लागेल. ते पहिल्यांदा तरी जाणत्या मेस्त्रीच्या शेजारी उभं राहून शिका.

आगोटीच्या आधी

मे महिन्यात कौलं चाळताना गाडीचंही करून घ्या. कॅप धुऊन वाळवा, पॉइंट साफ करा, सगळ्या लगांना व्हॅसलिन लावा. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आतला दमटपणा बाहेर पडत नाही. पागोळ्यांपासून लांब, वारा लागेल अशा जागी सुती कव्हर पुरे. पंधरवड्यातून एकदा चालू केलीत तर इंजिन पुरतं गरम होईपर्यंत चालू द्या, जमल्यास दोन-चार किलोमीटर फिरवून आणा. दोन मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनात उलट जास्त ओल साचते. ते जमणार नसेल तर बॅटरीचा अर्थ सोडून ठेवा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवावं का, हे नवे लोक हमखास विचारतात. मॉड्यूलला घासायचं, अंतर जुळवायचं काही नसतं आणि ठिणगी एकसारखी मिळते, हे खरं. तरीही कॅप आणि रोटर तेच राहतात, म्हणजे मिठाचा प्रश्न तसाच. शिवाय पॉइंट रुसले तर राजापूर-कणकवलीच्या मध्ये रस्त्याकडेला पॉलिश पेपरने गाडी चालू होते. मॉड्यूल गेलं की गाडी टोच्यावर. किनाऱ्यावर राहणाऱ्याला मी पॉइंटच ठेवायला सांगेन. मॉड्यूल बसवलंच तर डेल्कोतून निघालेली जुनी प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर तेलकट कागदात गुंडाळून डिकीत ठेवा, आणि सोबत दोन्हींच्या स्क्रूंना बसणारा छोटा स्क्रूड्रायव्हर.